‘आपण कुठे चिनी आहोत?’

ताई,
आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा सातवीत आहे. परवा रात्री झोपायच्या वेळी त्याने सांगितलं की त्यांच्या वर्गात चिनी वंशाचा एक मुलगा आहे आणि बसमध्ये, कॅफेटेरियात चार-पाच जण त्याच्या मागे लागतात. डोळे ताणून दाखवायचे, ‘चिंग चाँग’ करत बोलायचं, डब्यात कुत्रा आहे की वटवाघूळ असं विचारायचं. ग्रुप चॅटवर त्याचं नाव ‘व्हायरस’ ठेवलंय. ‘मी काही बोललो नाही, फक्त हसलो,’ असं म्हणाला आणि रडायलाच लागला.

त्या टोळक्याच्या म्होरक्याचे वडील माझ्या मुलाच्या सॉकर टीमचे कोच आहेत. आणखी एक मुलगा आमच्या मंडळातल्या माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचा. नवरा म्हणतो, आपण एच-वन या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत, आपलं नाव कुठे यायला नको. ‘आणि आपण कुठे चिनी आहोत? गलवान विसरलीस का?’ सासूबाई सध्या इथे आहेत, त्या म्हणतात शाळेचं शाळा बघेल. शाळेने सगळ्या पालकांना ‘काइंडनेस वीक’ची ईमेल पाठवली, त्यात काय घडलं त्याचा एक शब्द नाही. पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघटना, मात्र मे महिन्यातल्या कार्यक्रमात इंडियन फूडचा स्टॉल लावाल का म्हणून विचारतेय.

मी तक्रार केली तर माझाच मुलगा अडकेल का? मैत्रिणीला काय सांगू?
— एक आई


प्रिय आई,

तक्रार करा. लेखी करा, याच आठवड्यात करा आणि स्वतःच्या नावाने करा. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबलचक उत्तर वाचताना त्यातला ‘पण’ शोधून काढायची आपल्या सगळ्यांनाच सवय असते.

ईमेल लिहायला बसण्याआधी दोन कामं उरकायची आहेत. एक सोपं आहे. मुलाच्या फोनवरच्या त्या ग्रुप चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असे. कुणालाही पुढे पाठवू नका, मंडळाच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. बारा वर्षांच्या मुलाला ‘व्हायरस’ म्हणणारे मेसेज तीस काकूंच्या फोनवर हळहळ व्यक्त करत फिरले, तर त्याची पुन्हा एकदा तीच गत होते. स्क्रीनशॉट झाले की मुलाला त्या ग्रुपमधून बाहेर पडू द्या. आधी नको, नाहीतर दाखवायला हातात काही उरणार नाही.

दुसरं काम अवघड आहे. त्या मुलाच्या घरी फोन करायचा. हा फोन टाळून थेट शाळेत जावं असं तुम्हाला वाटेल, कारण शाळा म्हणजे कचेरी आणि कचेरीत जायला आपण सरावलेलो असतो. पण घडलंय त्यांच्या मुलाच्या बाबतीत. त्यांना कदाचित यातलं काहीच माहीत नसेल. या वयाची मुलं घरी सांगत नाहीत, आणि ज्यांचे आईवडील परक्या देशात जम बसवण्याच्या खटपटीत आहेत अशी मुलं तर आणखी कमी सांगतात. मी शाळेत कौन्सेलर होते तेव्हा हे सतत दिसायचं. पोट दुखतंय म्हणून नर्सकडे येणारं पोर बरोबर जेवणाच्या सुट्टीआधीच यायचं. किंवा असंही असेल की त्यांना सगळं ठाऊक आहे आणि तुमच्या नवऱ्याने जो हिशेब मांडला तोच त्यांनीही मांडून गप्प राहायचं ठरवलंय.

फोनवर सहानुभूतीचं भाषण नको. ‘माझ्या मुलाने हे पाहिलं, तो त्यात हसला, मला त्याची लाज वाटते, आम्ही शाळेला लिहिणार आहोत, तुम्हाला यात काय हवंय?’ एवढं पुरे. त्यांनी दोन दिवस मागितले तर द्या. मारहाण किंवा धमकीची गोष्ट असेल तर मात्र थांबू नका. ते म्हणाले ‘आम्हाला भानगड नको’, तर तुम्ही तुमच्या मुलाने काय पाहिलं तेवढंच लिहा, त्यांच्या वतीने काहीही मागू नका. त्यांचं इंग्रजी बेताचं असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगा: शाळेशी बोलताना दुभाषा देणं ही शाळेची जबाबदारी आहे. त्यासाठी पोराला किंवा शेजाऱ्याला मध्ये बसवायची गरज नाही.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. गलवानमध्ये आपले जवान गेले ते जून २०२० मध्ये. तेव्हा हा पोरगा बालवाडीत किंवा पहिलीत असेल, बहुधा न्यू जर्सीतच. लडाखच्या सीमेचा हिशेब त्याच्या डब्यातून कसा वसूल करायचा हे मला तरी समजत नाही. शिवाय त्याला छळणाऱ्या पोरांना सीमा, पक्ष, सरकार यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता कमीच. त्यांना दिसतो तो चेहरा.

आणि चेहरा ओळखण्यात ही मंडळी फार ढ असतात. १९८२ मध्ये डेट्रॉइटला व्हिन्सेंट चिन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारलं. अमेरिकी मोटार कारखान्यांचे तेव्हा वाईट दिवस होते, जपानी गाड्यांवर राग होता, आणि मारणारे दोघे त्याच धंद्यातले. चिन जपानी नव्हताच, चिनी वंशाचा अमेरिकी होता. मारेकऱ्यांना शिक्षा काय झाली, तर प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. तुरुंगाचं दार त्यांनी पाहिलं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सासमधल्या ओलेथ्यात हैदराबादच्या श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला बारमध्ये गोळी घातली गेली, तेव्हा मारणाऱ्याला समोरचे इराणी वाटले होते. श्रीनिवासही एच-वनवरच होता. ‘आम्ही ते नव्हेत’ असं सांगायला दोघांनाही सवड मिळाली नाही.

तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जर्सी सिटी आहे. १९८७ मध्ये तिथे स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारं टोळकं होतं. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. भारतीयांना शहरातून घालवण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ, असं पत्र त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पाठवलं आणि ते छापून आलं. त्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला तरुण पोरांनी इतकं मारलं की तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. आज एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपण निवांत पाणीपुरी खातो, त्यामुळे ही गोष्ट फार जुनी वाटते. तशी ती नाही. त्या काळात या भागात कुंकू लावून ट्रेनने कामाला जाणाऱ्या बायका आज आज्या आहेत, मंडळाच्या गणपतीत भेटतील. विचारून बघा.

हे सगळं यजमानांना जरूर सांगा, कारण ‘आपण कुठे चिनी आहोत’ याला यापेक्षा थेट उत्तर नाही. मला स्वतःला मात्र हे उत्तर अपुरं वाटतं. उद्या कुणी सिद्ध करून दाखवलं की आपल्याला कधीच कोणी चिनी समजणार नाही, तर मग हा मुलगा बसमध्ये एकटा पडला तरी चालेल का? ओलेथ्याच्या त्या बारमध्ये इयन ग्रिलट नावाचा २४ वर्षांचा एक गोरा पोरगा होता. त्याला कोणी इराणी समजणार नव्हतं. तो बंदूकवाल्याला अडवायला धावला आणि हातातून, छातीतून गोळी गेली. तो वाचला. तुमच्या मुलाकडे असं काहीही मागायचं नाहीये. हसू नकोस आणि पाहिलंस ते सांग, इतकंच मागायचंय.

व्हिसाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सध्याच्या दिवसांत तर नाहीच. पण ती चुकीच्या जागी आहे. सरकारी शाळा मुलाचा व्हिसा विचारून शिकवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेचं दार बंद करता येणार नाही असं ठरवलं, तुमची तर कागदपत्रं चोख आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळेत वंश, रंग आणि मूळ देश यांवरून होणाऱ्या छळापासून संरक्षण देतं, आणि ते नागरिकत्व बघत नाही. मुख्याध्यापकांना पाठवलेली एक ईमेल ग्रीन कार्डच्या फायलीत जाऊन बसत नाही. ती फाईल वेगळी, तो विभाग वेगळा.

आता खरा प्रश्न. मुलगा अडकेल का?

त्याला विचारतील, हे नक्की. आपल्या राज्यात यासाठी २०११ पासून बराच कडक कायदा आहे. शाळांमध्ये ‘एचआयबी’ (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग, म्हणजे छळ, धमकावणी, दादागिरी) म्हणतात तो हाच. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली एक व्यक्ती असते, प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातल्या शाळांच्या कारभारात, समन्वयक असतो. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची आणि लेखी अहवाल आल्यापासून दहा शालेय दिवसांत संपवायची, असा नियम आहे. शाळेबाहेर, फोनवर झालेल्या गोष्टींचा शाळेतल्या वातावरणावर परिणाम होत असेल तर त्याही यात येतात, म्हणजे ग्रुप चॅट सुटत नाही. तक्रार करणाऱ्यावर किंवा साक्ष देणाऱ्यावर सूड उगवायलाही बंदी आहे, हे कोच साहेबांच्या संदर्भात लक्षात ठेवा. निनावी तक्रारही चालते, पण निव्वळ निनावी तक्रारीच्या आधारावर कोणावर औपचारिक कारवाई करता येत नाही. स्वतःचं नाव घाला म्हणाले ते याचसाठी.

हा कायदा इतक्या घाईने का झाला, तेही आपल्या लोकांनी विसरू नये. २०१० च्या सप्टेंबरमध्ये आपल्या न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठातल्या १८ वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. त्याच्या खोलीतल्या खासगी क्षणांवर वेबकॅममधून डोळा ठेवणारा रूममेट भारतीय वंशाचा होता. आपली मुलं गुणी, अभ्यासू, गणितात पुढे, सगळं खरं. पण छळणाऱ्यांच्या बाकावर ती कधी बसतच नाहीत, असं काही नाही.

तर चौकशी होईल आणि तुमचा मुलगा कदाचित ‘बघ्या’ म्हणून नोंदला जाईल, कदाचित हसल्याबद्दल दोन शब्द ऐकून घेईल. ते त्याला झेपेल. जे लपवावं असं त्याला वाटतंय ते पोटात ठेवून सातवी-आठवी काढणं जास्त जड जाईल. तो रडला ते तुमच्यासमोर, स्वतःहून, कोणी पकडलेलं नसताना. त्यामुळे शिक्षा वगैरे करायला जाऊ नका. त्याला घेऊन कौन्सेलरकडे जा आणि तिथे त्यालाच बोलू द्या, तुम्ही गप्प बसा. आया गप्प बसत नाहीत, हा माझा कौन्सेलर म्हणून सगळ्यात पक्का अनुभव आहे.

त्या मुलाची माफी मागायला सांगा, पण चारचौघांत नको, आणि तुमच्या देखरेखीखाली तर मुळीच नको. दोन वाक्यं, एकट्याला गाठून. तो मुलगा ‘ओके’ म्हणून निघून गेला तरी झालं. मैत्री जुळवून देऊ नका, प्ले-डेट ठरवू नका, समोसे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू नका. उद्यापासून बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल तर तुमच्या मुलाने तिथे बसावं. न बोलता बसला तरी चालेल. आणि ती टिंगल सुरू झाली की म्हणायला एखादं कंटाळवाणं वाक्य हाताशी असू द्या. ‘पुरे रे, शिळं झालं आता.’ सातवीत नैतिक भाषण करणाऱ्याचीच टर उडते. ‘बोअर’ म्हटलेल्या विनोदाचं मात्र पुढे काही होत नाही.

मग घरातली गोष्ट. पत्रात नाही, पण विचारते. मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या माणसांसाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा तो ‘चिंकी’ शब्द तुमच्या घरात, गाडीत, मित्रमंडळींत मुलाच्या कानावर पडलाय का? पुण्यात शिकायला आलेल्या ईशान्येकडच्या मुलींना तो रस्त्यावर रोज ऐकावा लागतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांनी घाबरून पुणे आणि बंगळुरूहून ही मुलं गाड्या भरभरून परत गेली होती. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या दिसण्याची, केसांची खिल्ली उडवली गेली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. कोरोना आला तेव्हा आपल्याच देशाच्या या लोकांना ‘चिनी व्हायरस’ म्हणून हाका मारल्या गेल्या, इतक्या की मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना काढावी लागली. तेव्हा बसमधला तो विनोद मुलाला ओळखीचा का वाटला, का हसू आलं, याचं उत्तर सगळंच अमेरिकेत सापडेल असं नाही. सासूबाई घरात आहेत ते बरंच आहे. या विषयावर तीन पिढ्यांनी एका टेबलावर बसून बोलायला हरकत नाही. भांडण होईल. होऊ द्या.

मैत्रिणीचं अवघड आहे खरं. इथे मंडळ म्हणजे आपलं माहेर असतं, आजारपणात डबे तिथूनच येतात, आणि एका फोनने ते तुटेल अशी भीती वाटते. माझा सल्ला काहींना कठोर वाटेल: आधी ईमेल पाठवा, त्याच संध्याकाळी मैत्रिणीला फोन करा. उलट क्रमाने गेलात तर तासाभरात चॅट गायब होईल, आणि तुमची मैत्रीण कितीही सरळ असली तरी आई म्हणून ती तेच करेल. तुम्हीही केलं असतं. फोनवर सांगा, ‘माझा हसला, तुझा बोलला, दोघांची नावं मी लिहिली आहेत.’ स्वतःच्या मुलाचं नाव ईमेलमध्ये पहिलं घालायला विसरू नका, नाहीतर हे बोलणं टिकणार नाही. ‘आपल्या-आपल्यात मिटवूया’ अशी सूचना येईल. आपल्या-आपल्यात तो मुलगा नाही, त्यामुळे मिटवायचा अधिकारही आपल्याला नाही. ती रागावेल, काही महिने बोलणार नाही. तिच्या मुलाशी मात्र तुम्ही पूर्वीसारखंच वागा. त्या पोराने हे कुठून उचललं कोण जाणे. म्होरक्याच्या मागे मागे जाणारी मुलं पुष्कळदा ‘पुढचा नंबर आपला लागू नये’ म्हणून जातात.

आता शाळा. ‘काइंडनेस वीक’वर माझा राग आहे, तो थोडा बाजूला ठेवून लिहिते. घडलेल्या गोष्टीचं नाव न घेता पाठवलेल्या ईमेलने छळलेल्या मुलाला कळतं की शाळा बोलायला घाबरते, आणि छळणाऱ्यांनाही तेच कळतं. मुलांची नावं घ्यायची नाहीत, ती शाळेला घेताही येत नाहीत. पण ‘आपल्या शाळेत आशियाई विद्यार्थ्यांची वंशावरून टिंगल झाली, ते इथे चालणार नाही, आणि आम्ही अमुक करत आहोत’ एवढं मुख्याध्यापक लिहू शकतात. हे वाक्य मिळेपर्यंत विचारत राहा.

शाळा म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे, हे मला फिलाडेल्फियाच्या एका प्रकरणाने पटवलं. तुमच्याकडून गाडीने फार लांब नाही. साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमध्ये ३ डिसेंबर २००९ या एका दिवसात सुमारे ३० आशियाई विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. ते अचानक उद्भवलं नव्हतं. चिनी आणि व्हिएतनामी स्थलांतरित मुलं त्याआधी बराच काळ सांगत होती, आणि ऐकून घेणाऱ्यांना त्यांची भाषाही कळत नव्हती, गांभीर्यही. मग सुमारे ५० विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. इंग्रजी अजून धड न आलेली पोरं शिक्षण मंडळापुढे उभी राहून बोलली. स्थानिक आशियाई संघटना आणि वकील त्यांच्या मागे उभे राहिले, प्रकरण केंद्रीय न्याय विभागाकडे गेलं आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये डिस्ट्रिक्टला छळ रोखण्यासाठी काय काय करायचं याचा लेखी करार मान्य करावा लागला. मला त्या मुलांबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. हल्लेखोरांत बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि सगळ्यांना ही ‘काळे विरुद्ध आशियाई’ अशी बातमी करायची होती. मुलांनी तसं होऊ दिलं नाही. आमचं भांडण त्या वंशाशी नाही, वेळेवर न हललेल्या मोठ्या माणसांशी आहे, हे ती सांगत राहिली. तुमच्या ग्रुपवर कोणी ‘ती मुलं तसलीच’ म्हणून सुरुवात केली तर हे त्यांना ऐकवा.

शाळेकडे काय मागायचं? बसमध्ये आणि कॅफेटेरियात मोठं माणूस कुठे उभं असतं ते विचारा, कारण छळाला कोपरे लागतात. दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून ‘समेट’ घडवण्याचा प्रस्ताव आला तर त्या कुटुंबाला आधीच सावध करा. भांडणात समेट असतो. एकाला पाच जण छळतात तेव्हा त्याला त्यांच्यासमोर बसवणं म्हणजे छळाचा आणखी एक तास. त्या मुलाला स्टेजवर उभं करून ‘माझी संस्कृती’ सांगायला लावणंही नको. आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना नम्रपणे विचारा की आशियाई-अमेरिकी इतिहास केव्हा शिकवणार. तो ऐच्छिक नाही. इलिनॉयच्या पाठोपाठ जानेवारी २०२२ मध्ये न्यू जर्सीने तो शाळांत शिकवण्याचा कायदा केला.

त्यात शिकवण्यासारखं भरपूर आहे. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेमी टेप नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला ती चिनी म्हणून शाळेत घेतलं नाही. आईवडील कोर्टात गेले आणि १८८५ मध्ये जिंकले. तर शिक्षण मंडळाने घाईघाईने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली, म्हणजे निकालही पाळला आणि पोरीला बाहेरही ठेवलं. तिच्या आईने, मेरी टेपने, मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं: चिनी म्हणून जन्माला येणं हा कलंक आहे का, असं तिने सरळ विचारलं. इंग्रजी व्याकरणाच्या चुका आहेत त्या पत्रात. कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या ईमेलच्या इंग्रजीची चिंता वाटली तर ते पत्र शोधून वाचा.

आणि एक नाव यजमानांना सांगा: मंजूषा कुलकर्णी. २०२० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस परिसरातल्या एका शाळेत आशियाई-अमेरिकी मुलाला कोरोनावरून छळलं, मारलं गेलं. तेव्हा तिथल्या आशियाई संघटनांच्या परिषदेचं काम मंजूषा बघत होत्या. त्यांनी ते प्रकरण हाती घेतलं आणि पुढच्याच महिन्यात सिंथिया चोई आणि रसेल जंग यांच्याबरोबर ‘स्टॉप एएपीआय हेट’ ही आशियाई आणि पॅसिफिक बेटांच्या वंशाच्या अमेरिकी लोकांविरुद्धच्या द्वेषाच्या घटनांची नोंदणी सुरू केली. जून २०२१ पर्यंत तिथे ९ हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. कुलकर्णी, चोई आणि जंग. ‘आपण कुठे चिनी’ हा प्रश्न त्यांना पडला नाही.

पीटीएच्या स्टॉलला हो म्हणा, खाऊ घालायला कोणाची ना नसावी. फक्त एक अट घाला. मे महिना इथे सगळ्या आशियाई-अमेरिकी वारशाचा मानतात, तर इंडियन, चायनीज, कोरियन, फिलिपिनो असे चार कोपऱ्यांत चार स्टॉल नकोत. एक लांब टेबल मांडा आणि त्या मुलांच्या आयांना फोन तुम्हीच करा. शाळेने याच कार्यक्रमाकडे बोट दाखवून ‘बघा, आम्ही केलं ना’ म्हटलं तर ते मान्य करू नका. बटाटेवडे खाऊन बसमधली बडबड थांबत नाही.

आता शाळेने काहीच केलं नाही तर. चौकशीचा निकाल तुम्हाला कोणी कळवणार नाही. तो छळलेल्या आणि छळणाऱ्या मुलांच्या पालकांनाच कळतो, आणि दुसऱ्याच्या मुलाला काय शिक्षा झाली ते त्यांनाही सांगत नाहीत. याचा अर्थ शाळा झोपली असा लगेच काढू नका. पण बसमध्ये तेच चालू राहिलं तर पुन्हा लिहा, सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना, प्रत पाठवा. डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, मीटिंगमध्ये नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तिथे कोणाही मुलाचं नाव न घेता बोला आणि बरोबर तीन-चार पालक न्या, सगळे देसी नकोत. त्या कुटुंबाला निकाल पटला नाही तर ते बोर्डापुढे सुनावणी मागू शकतात. त्यापुढे राज्याचा नागरी हक्क विभाग आहे आणि केंद्रीय शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय आहे. २०२५ मध्ये त्या केंद्रीय कार्यालयाची माणसं बरीच कमी केली गेली, त्यामुळे तिथून झटपट काही होईल अशी आशा धरू नका, राज्याकडे आधी जा. दोन्हीकडे तक्रारीची मुदत घटनेपासून १८० दिवस आहे. मुलाने सांगितलं त्या दिवसापासून नव्हे, बसमध्ये घडलं त्या दिवसापासून. तेव्हा आज रात्री मुलाजवळ बसा, कॅलेंडर उघडा, कुठल्या दिवशी काय झालं ते त्याला आठवेल तसं लिहून घ्या, आणि ईमेलची सुरुवात त्या तारखांनीच करा.